कळा सुरू होण्याची वाट बघू नका, आधीच दाखवून घ्या

तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला. घाईत दोन ओळी खरडून द्याव्यात असा तो नव्हता, म्हणून आज सवडीने बसलेय. खारघरला तुमच्याच मजल्यावर एक सुदानी कुटुंब भाड्याने राहतं. बाईंना सातवा महिना लागलाय. लहानपणी त्यांना खाली, योनीच्या जागी, ‘कापून शिवलं’ होतं, आणि खार्तूममधल्या पहिल्या बाळंतपणानंतर पुन्हा शिवलं, असं त्यांनी तुम्हाला विश्वासाने सांगितलं. आता डॉक्टर कुठला, सांगावं की लपवावं, पोलीस केस होईल का, हे तुमचे प्रश्न. आणि शेवटच्या ओळीत, जरा दबकतच, त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीचं काय.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते, आधी ठाण्यात, मग नवी मुंबईत. अशा बायका सगळ्या मिळून सात-आठ पाहिल्या असतील. पहिलीच्या वेळी आम्ही काय घोळ घातला तो आधी सांगते, म्हणजे बाकीचं मी का सांगतेय ते कळेल.

रात्रपाळी होती. बाई पहिलटकरीण, नवरा इथे शिकायला आलेला. केसपेपर चांगला जाडजूड: हिमोग्लोबिन, साखर, चार सोनोग्राफ्या. नऊ महिन्यांत खाली मात्र कोणी पाहिलंच नव्हतं. पोटावरून तपासायचं आणि पुढची तारीख द्यायची, एवढंच. कळा जोरात सुरू झाल्यावर रेसिडेंट मॅडम पीव्ही, म्हणजे खालून आतली तपासणी, करायला गेल्या आणि हात तसाच धरून म्हणाल्या, “सिस्टर, इथे काहीच नाहीये.” म्हणजे खरंच काही नव्हतं. सपाट कातडी, मधोमध एक शिवण आणि खाली करंगळीचं टोकही जेमतेम जाईल एवढं छिद्र. मॅडमनी सीनियरला बोलावलं. त्यांनी आणखी कोणाला. इंटर्न आले, बाळाचे डॉक्टर येऊन थांबले होते तेही वाकले. सातजण झालो. बाईला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण चाललंय काय ते सगळं कळत होतं. तिने दोन्ही हातांनी हिरवी चादर ओढली. खाली झाकायला नाही, तोंडावर.

टॉर्च मी धरला होता.

पुढे घाईघाईत नेहमीच्या सवयीने खालून मोठा कट दिला गेला. अडचण खाली नव्हतीच, वर होती. शिवण वरच्या अंगाला फाटली, रक्त बरंच गेलं, दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. बाळ ठीक होतं. त्या मुलीने नंतर तीन दिवसांत आमच्यापैकी कोणाच्याही डोळ्याला डोळा दिला नाही.

तर तुमच्या शेजारणीसाठी पहिलं काम: डॉक्टरांनी आत्ताच, दिवसाउजेडी, शांतपणे एकदा पाहायला हवं. सातवा महिना म्हणजे वेळ हातात आहे.

हा प्रकार, इंग्रजीत एफजीएम, नेमका काय असतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे ओपीडीत तुम्हाला बोलता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने याचे चार प्रकार केलेत. पहिल्यात शिश्निका, म्हणजे वरचा संवेदनशील दाणा, किंवा त्यावरची घडी कापतात. दुसऱ्यात त्याबरोबर आतले ओठही. तिसऱ्यात कडा एकमेकींना जोडून योनीचं तोंडच बंद करतात, लघवी आणि पाळीपुरतं भोक ठेवून. टोचणं, डागणं वगैरे सगळं चौथ्यात. सुदान-सोमालियाकडे तिसरा बराच आढळतो. सुदानमध्ये त्याला ‘फरौनी’ म्हणतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा शिवण्याला ‘अदल’. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अशा बाईला लघवीला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, थेंब थेंब. पाळीचं रक्त आत साठून दुखतं, लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं. ती हे कोणाला सांगत नाही, कारण तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांचं तसंच असतं. तिच्या लेखी बायकांना एवढा वेळ लागतोच. “लघवीला त्रास आहे का?” असं विचारलंत तर “नाही” म्हणेल. “किती वेळ लागतो?” असं विचारा.

बाळंतपणातला धोका हा काही माझ्या एका रात्रीवरून काढलेला निष्कर्ष नाही. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आरोग्य संघटनेचा अभ्यास आला होता. सुदान धरून आफ्रिकेतले सहा देश, २८ हजारांवर बाळंतपणं. तिसऱ्या प्रकारात सिझरचं प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ६९ टक्क्यांनी जास्त, आणि बाळ दगावण्याचं प्रमाणही वाढलेलं.

उपाय मात्र साधा आहे. शिवण उघडायची. इंग्रजी नाव डीइन्फिब्युलेशन, ते डॉक्टरांना सांगता यावं म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या. शिवणीखाली बोट किंवा बोथट उपकरण घालून मधोमध खालून वर उघडतात, लघवीचं छिद्र दिसेपर्यंत, आणि दोन्ही कडा वेगवेगळ्या शिवतात. भूल नीट द्यायलाच हवी. लहानपणीचा तो दिवस अंगात कुठेतरी बसलेला असतो आणि दुखलं की तो परत येतो. स्पायनल, म्हणजे पाठीच्या मणक्यातली भूल, देता येत असेल तर द्या असं मी म्हणेन, “दोन मिनिटांचं काम आहे, सहन कर बाई” हे अजिबात नको. पुष्कळदा शिवणीखाली दाणा शाबूत सापडतो. हे त्या बाईला आधी सांगितलं तर चांगलं, कारण बहुतेकींना वाटत असतं की सगळं गेलंय.

हे गरोदरपणात करता येतं किंवा कळा सुरू झाल्यावरही, मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन्ही आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर आधी. रात्री तीन वाजता ड्युटीवर कोण असेल, त्याने हे कधी पाहिलेलं असेल की नाही, यावर कशाला सोडायचं? आणि “सरळ सिझर करून टाकू” असं कोणी म्हटलं तर कारण विचारा. शिवलेलं आहे एवढं एकच कारण सिझरला पुरत नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहितेय, कारण ती पुस्तकात असली तरी कोणी सांगत नाही. शिवण उघडल्यावर लघवी धारेने होते, आवाज येतो. ज्या बाईने पंचवीस वर्षं तो आवाज ऐकला नाही ती दचकते. आमच्याकडच्या एकीने नळ सोडून ठेवला होता, बाहेर नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. पहिले काही दिवस ओलं-ओलं, उघडं-उघडं वाटतं, झोंबतं. आधी सांगून ठेवलं तर काही बिघडलंय असं वाटून ती घाबरत नाही.

आता डॉक्टर. सोसायटीजवळच्या छोट्या नर्सिंग होमपेक्षा मेडिकल कॉलेजला जोडलेलं रुग्णालय बघा. तुमच्यापासून नेरूळ-कामोठे जवळ, ठाण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना कळव्याचं. तिथे सीनियर मॅडमना आधी तुम्ही एकट्या भेटा आणि दोन गोष्टी ठरवून घ्या. तपासताना खोलीत डॉक्टर, एक सिस्टर, बस. विद्यार्थ्यांना दाखवायचं असेल तर आधी बाईची परवानगी, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर नाही. दुसरं, भाषा. अरबी बोलणारी बाई मिळाली तर सोनंच. नाही तर फोनवर दुभाषी, स्पीकर लावून. नवऱ्याला दुभाषा करू नका. तो कितीही भला असला तरी बायको त्याच्यासमोर लघवी, दुखणं, संबंध हे बोलणार नाही, आणि तो त्याला सोयीचं तेवढंच भाषांतर करील.

केसपेपरवर प्रकार लिहून घ्या, जमल्यास छोटं रेखाचित्र काढून. म्हणजे प्रत्येक पाळीतल्या नव्या डॉक्टरला पुन्हा चादर उचलून बघावं लागणार नाही. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायची वेळ आली तर सिस्टरलाही तेच चित्र उपयोगी पडतं.

पोलीस केसचं: मोठ्या बाईवर लहानपणी परदेशात जे झालं त्यासाठी इथे कोणी तिच्यावर केस करत नाही. रुग्णालय पासपोर्ट-व्हिसा मागेल, परदेशी रुग्ण दाखल झाल्याचं कळवेल. तो सगळ्याच परदेशी रुग्णांचा कागदी सोपस्कार आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. हे तिला आधीच सांगा, नाहीतर पासपोर्ट मागितला की ती घरी पळेल.

तुम्ही मध्येच एक वाक्य टाकलंय, “आपल्याकडे बाई असलं काही नसतं.” इथे मला थांबावं लागतंय. जगात हे झालेल्या मुली-बायका २३ कोटींवर आहेत असं युनिसेफने २०२४ ला सांगितलं, त्यातल्या सुमारे ८ कोटी आशियात. आणि आपल्याला लांब जायला नको. दाऊदी बोहरा समाजात सातव्या वर्षाच्या आसपास मुलींचा ‘खतना’ करतात. शिवत नाहीत, वरची घडी कापतात, त्याला ‘हराम नी बोटी’ म्हणतात. ठाण्यात असताना रिदा, म्हणजे बोहरा बायकांचा पेहराव, घातलेली एक चाळिशीची बाई तांबी बदलायला आली होती. टेबलावर पाय वर घ्यायला सांगितले तर थरथर कापायला लागली. बाई शिकलेली, दोन मुलांची आई. मग म्हणाली, “सिस्टर, भिंडी बाजारात एका अंधाऱ्या जिन्यावर माझी चप्पल राहिली होती, मला अजून ती आठवते.” बाकी काही बोलली नाही. मी पण विचारलं नाही. तांबी पाय खाली ठेवून, कुशीवर झोपवून बदलली. तेही जमतं, बघायची तयारी हवी.

याविरुद्ध बोलणाऱ्या पहिल्या बायका त्याच समाजातल्या. २०१५ साली मुंबईत सुरू झालेली ‘सहियो’ ही संस्था त्यांचीच. सर्वोच्च न्यायालयात २०१७ साली याचिका झाली. सरकारने आधी ‘अधिकृत आकडेवारी नाही’ म्हटलं, पुढे २०१८ ला न्यायालयात सांगितलं की भारतीय दंड संहिता आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, यांखाली हा गुन्हाच आहे. प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेलं. वेगळा कायदा अजून नाही. आणि कृपया खाली कोणी ‘त्यांचा धर्मच तसा’ सुरू करू नका. मुंब्र्यातल्या माझ्या कोकणी मुसलमान मैत्रिणीने हा प्रकार आयुष्यात ऐकला नव्हता, आणि इथिओपिया-नायजेरियातल्या ख्रिस्ती बायकांवर हे झालेलं असतं.

लंडनमध्ये यासाठी वेगळे दवाखाने आहेत. गाय्ज अँड सेंट थॉमस रुग्णालयातला तर १९९७ साली कम्फर्ट मोमोह या एका मिडवाइफने सुरू केला, हे मला फार आवडतं. तिकडे गरोदर बाईचं नाव नोंदवतानाच सरळ विचारतात. आपल्याकडे खारघर, कोपरखैरणे, तळोज्याला एवढी आफ्रिकन कुटुंबं राहतात, पण एएनसीच्या, म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीच्या, छापील फॉर्मवर हा प्रश्न मी कधी पाहिला नाही. सिस्टर लोकांपैकी कोणी वाचत असेल तर फॉर्मच्या समासात पेनाने लिहा, कोणी अडवत नाही.

आता ‘अदल’. बाळंतपण झालं की घरातून कोणीतरी, बहुधा फोनवरून सासू किंवा आई, म्हणेल, पूर्वीसारखं शिवून घे. कधी बाई स्वतःच म्हणते. तिला मोकळं राहणं लाजेचं वाटतं. डॉक्टरांनी पुन्हा तोंड बंद करायचं नाही, हे आरोग्य संघटनेचं स्पष्ट सांगणं आहे. पण हे बाळंतपणाच्या टेबलावर सांगून उपयोग नाही. आठव्या महिन्यातच बोला. लघवी, पाळी, संबंध, पुढचं बाळंतपण, सगळं सोपं होईल हे एकेक करून. तिला पहिल्या वेळचे टाके आठवत असतील, फार समजवावं लागणार नाही.

आणि मुलगी. पुढच्या वर्षी कैरोला आजीकडे नेणार आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तुमच्या पोटात गोळा आलाय ते मला कळलं. लगेच धमकीची भाषा नको. कायद्याचा धाक घातलात तर ती तुमच्याशी बोलणं बंद करील आणि मुलगी तुमच्या नजरेआड जाईल. इथे भारतात कोणी मुलीला हात लावण्याच्या बेतात असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करायला मागेपुढे पाहू नका. पण आत्ता डॉक्टरांकरवी बोला. शिवण उघडण्याविषयी बोलणं चालू असतं तेव्हा आई स्वतःच्या दुखण्याविषयी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलत असते, मुलीचा विषय तिथेच सहज निघतो. सुदानने जुलै २०२० मध्ये हा प्रकार कायद्याने गुन्हा ठरवला, तीन वर्षांपर्यंत कैद. इजिप्तमध्येही कायद्याने बंदी आहे. आजीला फोनवर सांगायला आईवडिलांना असं काहीतरी हातात लागतं: “आम्हाला नकोय असं नाही गं आई, तुरुंगात टाकतात.” त्यातलं ‘नकोय असं नाही’ हे खोटं का होईना, तोंड वाचवायला उपयोगी पडतं.

तपासणीच्या वेळी नवऱ्याला बाहेर बसवायचं असं मी वर लिहिलं. मुलीविषयी बोलताना मात्र त्याला आत बोलवा, खुर्ची द्या, आणि डॉक्टरांना त्याच्याकडे बघून बोलायला सांगा. आजीचा फोन त्यालाही येणार आहे.