घाणेरी काढावी कशी आणि काढलेल्या घाणेरीचे करावे काय?

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेल्या जंगलात घाणेरी (आमच्याकडे तिला रायमुनिया म्हणतात) इतकी माजली आहे, की तेंदूपत्ता आणि मोहफुले गोळा करायला झाडापर्यंत पोहोचणेही अवघड झाले आहे. दोन उन्हाळे आम्ही श्रमदानाने ती कोयत्याने तोडली, एकदा पेटवूनही पाहिली. पावसाळ्यानंतर ती पूर्वीपेक्षा दाट उगवली. तिच्या काटक्यांपासून फर्निचर तयार होते असे ऐकतो. ज्यांना हवी त्यांना ती तोडून नेऊ दिली, तर जंगलही मोकळे होईल आणि गावाला चार पैसे मिळतील, असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?
– ग्रामसभेचा एक सदस्य, अमरावती जिल्हा

उत्तर : आपण दोन वर्षे जे केले त्याला बागाईतदार छाटणी म्हणतात, आणि छाटणीने झाड मरत नाही, फोफावते. घाणेरीचे खोड आणि मूळ जिथे जुळतात, त्या जमिनीलगतच्या सांध्यातून नवे धुमारे फुटतात. त्यामुळे वरचा भाग तोडला किंवा जाळला, तरी एका खोडाच्या जागी चार-पाच उभी राहतात. आगीत स्थानिक झाडांची कोवळी रोपे मात्र मरतात आणि घाणेरीला हवे असलेले ऊन व मोकळी जमीन आयतीच मिळते. पेटवण्याचा विचार पुन्हा करू नये.

दिल्ली विद्यापीठातील परिसरशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांनी यासाठी जी पद्धत रूढ केली आणि कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात जी वापरली गेली, ती आपल्या श्रमदानालाही झेपण्यासारखी आहे. झुडपाच्या बुंध्याशी कुदळीने थोडी माती बाजूला करून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचे, म्हणजे धुमारे देणारा सांधा वरच्या भागासोबतच निघून येतो; मग संपूर्ण झुडूप उचलून मुळे आभाळाकडे आणि फांद्या खाली अशा रीतीने उलटे ठेवायचे, जेणेकरून मुळांना माती लागणार नाही आणि ते जागच्या जागी वाळेल. मुळासकट उपटण्याच्या भरात जमीन उकरली, तर मातीत पडून असलेले बी वर येऊन रुजते. म्हणून खणणे जितके कमी तितके बरे. हे काम फळे धरण्यापूर्वी व्हायला हवे, कारण पिकलेली काळी फळे बुलबुल आणि साळुंक्या आवडीने खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. याच कारणाने पुढची किमान दोन-तीन वर्षे पक्षी बसतात अशा मोठ्या झाडांखाली आणि नाल्यांच्या काठाने फिरून नवी रोपे हाताने उपटावी लागतात. बहुतेक मोहिमा फसतात त्या या कंटाळवाण्या फेऱ्यांत, तोडणीत नव्हे. मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्याच पावसात मारवेल, पवना, डोंगरी यांसारख्या स्थानिक गवतांचे बी टाकावे. गवताने जमीन धरली, की घाणेरीच्या रोपाला डोके वर काढणे जड जाते.

सगळे जंगल एकाच वर्षी हाती घेऊ नये. एवढे झुडूप एकदम नाहीसे झाले, तर त्याच्या आडोशाला असलेल्या लहान पशुपक्ष्यांचीही पंचाईत होते, आणि मागच्या वर्षी साफ केलेल्या जागेकडे बघायला माणसे उरत नाहीत. जिथे घाणेरी विरळ आहे तिथून सुरुवात करून दाट भागाकडे सरकावे. आपल्याच जिल्ह्यातील पायविहीर गावाने वनहक्क मिळाल्यावर घाणेरी काढून जंगल उभे केले आहे. समितीने तिथे एकदा जाऊन यावे, त्यातून या उत्तरापेक्षा अधिक कळेल.

आता फर्निचरविषयी. कर्नाटकातील मलै महादेश्वर डोंगरांत सोलिग आदिवासी घाणेरीच्या काटक्या उकळून, साल सोलून, ओल्या असतानाच वाकवून वेतासारख्या खुर्च्या आणि टोपल्या विणतात; बंगळूरच्या अशोका ट्रस्ट या संशोधन संस्थेने त्यांना त्यासाठी मदत केली. नीलगिरीतील गुडलूर परिसरातील आदिवासी कारागिरांनी घाणेरीपासून घडवलेले पूर्णाकृती हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या उद्यानांत मांडले गेले. तेव्हा कल्पना हवेतली नाही. परंतु विणकामाला लांब, सरळ काटक्या लागतात आणि त्या तोडणारा माणूस उरलेले गचपण व मूळ तिथेच सोडून जातो. म्हणजे आपण दोन वर्षे फुकट केलेली छाटणीच तो पैसे देऊन करील. आणखी एक धोका असा, की ज्या झुडपावर घर चालू लागते ते संपावे असे कोणाला वाटत नाही. माझे मत असे, की तोडून नेण्याची मोकळीक देऊ नये. ग्रामसभेने आखलेल्या पट्ट्यात, मूळ तोडून झुडूप उलटे केल्यानंतरच, हव्या त्या काटक्या ओल्या असताना वेचून न्याव्यात, अशी अट घालावी. उरलेला माल जळणाला उत्तम आहे, कोळसा करून कांडीही पाडता येते. शेताच्या कुंपणाला मात्र ओल्या फांद्या रोवू नयेत, त्या मूळ धरतात.

प्रश्न : घाणेरी खाणारे किडे जंगलात सोडले, तर हे सगळे कष्ट वाचणार नाहीत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तो प्रयोग आपल्याकडे १९२१ पासून झालेला आहे. तेव्हा फळे पोखरणारी एक माशी आणली, १९४१ मध्ये पाने शोषणारा एक ढेकूण आणला. दोन्ही आज इथे नांदत आहेत आणि घाणेरीही. पाने गळतात, पुन्हा फुटतात.

प्रश्न : उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई असते. वाळवलेला घाणेरीचा पाला शेळ्यांना चालेल का?
– एक शेतकरी, सातारा जिल्हा

उत्तर : चालणार नाही. तिच्या पानांतील लँटाडीन हे विष वाळल्यावरही टिकते, त्यामुळे तो पाला कुट्टीतसुद्धा मिसळू नये. विषाने यकृत बिघडून कावीळ होते आणि त्वचा उन्हाला इतकी हळवी होते, की नाकपुडी, कान, आचळ अशा कमी केसांच्या जागी ती भाजल्यासारखी होऊन सोलते. गाईम्हशींनाही हेच होते. विशेषतः नव्या मुलखातून आणलेले, या झुडपाची ओळख नसलेले भुकेले जनावर ते चटकन खाते. जनावराने ते खाल्ल्याची शंका आली, तर पशुवैद्यक येईपर्यंत त्याला दाट सावलीत किंवा गोठ्यात बांधून ठेवावे, उन्हात अजिबात सोडू नये, आणि पाणी भरपूर पाजावे.