चेहरे रंगवावेत का?

प्रश्न : आमच्या गावातील हौशी नाट्यमंडळाने यंदा अमेरिकन लेखिका लॉरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ या, यंगर नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबावरील नाटकाचा मराठी अनुवाद बसवायला घेतला आहे. नट सगळे गावचेच असल्यामुळे काळे कोण आणि गोरे कोण हे कळण्यासाठी चेहरे रंगवावेत, असे काहींचे म्हणणे आहे. दशावतारात तोंड रंगवतोच, मग येथे हरकत कसली, असे ते विचारतात. यंगर कुटुंबाच्या तोंडी मालवणी घालावी, अशीही एक सूचना आहे. आपले मत कळवावे.
— एक वाचक, तालुका मालवण

उत्तर : चेहरे मुळीच रंगवू नयेत. दशावतारातला रंग माणसाचा देव किंवा राक्षस करतो आणि पहाटे पुसला जातो. अमेरिकेत मात्र १९व्या शतकात गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करत आणि लोक तिकीट काढून ती पाहत, त्यामुळे हे नाटक ज्यांची बाजू मांडते त्यांचाच त्या रंगाने अपमान होतो.

शिवाय त्याची गरजही नाही, कारण नाटकात ठसठशीत असे गोरे पात्र एकच आहे, कार्ल लिंडनर. शिकागोच्या दक्षिण भागात दाटीवाटीने राहणाऱ्या यंगर कुटुंबाला वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर मिळतात, त्यातले ३,५०० आई गोऱ्यांच्या वस्तीतील घरासाठी भरते, आणि मग हा गृहस्थ टोपी हातात धरून दारात उभा राहतो. यंगर कुटुंबाने तेथे येऊ नये म्हणून वस्तीतील लोक ते घर जास्त पैसे देऊन विकत घ्यायला तयार आहेत, हे तो अगदी अदबीने सांगतो. आपल्या नटाने येथे खलनायक रंगवला की प्रवेश गेलाच म्हणून समजा. भाडेकरूचे आडनाव ऐकल्यावर ‘बघतो, कळवतो’ म्हणणारा आणि चहाही विचारणारा घरमालक आपल्या पाहण्यात असतो. त्याची लकब उचलावी. हा प्रसंग लेखिकेला घरचाच होता. तिच्या वडिलांनी अशाच घरासाठी लढवलेल्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० साली दिला. नाटक ब्रॉडवेवर आले ते १९५९ साली.

मालवणीचा मोह मला समजतो, परंतु रंगमंचावर मालवणी ऐकू आली की आपला प्रेक्षक हसायच्या तयारीने सावरून बसतो, आणि येथे ते हसू घातक ठरेल. विषय परका वाटेल ही भीतीही नको. महात्मा फुले यांनी १८७३ सालीच ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती.

मेहनत घ्यायचीच तर नेपथ्यावर घ्यावी. त्या घरात दिवसाचा उजेड येतो तो स्वयंपाकघराच्या एका लहानशा खिडकीतून, आणि तेथेच आईचे मरतुकडे रोप आहे. तेव्हा प्रकाशयोजनाकाराला सगळे दिवे एकदम लावू देऊ नका, आणि कोणाच्या अंगणातली टवटवीत जास्वंद आयत्या वेळी उचलून आणू नका. महिनाभर आधी एखादे रोप माळ्यावर अंधारात ठेवा, पाणी बेताचेच घाला आणि तालमीलाही तेच वापरा, म्हणजे शेवटी रिकाम्या घरात परत येऊन ते उचलताना आईच्या हाताला त्याची सवय झालेली असेल.