टोकियोबाहेर नोकरी शोधतोयस, तर एवढं कर

तोत्तोरी, शिमानेसारख्या प्रांतात राहायचं असेल तर नुसत्या ऑनलाइन जाहिरातींवर विसंबू नकोस. लहान कारखाने, हॉटेलं आपल्या जागा बऱ्याचदा 'हॅलो वर्क' या सरकारी रोजगार कार्यालयात नोंदवतात. तिथे स्वतः जा, सेवा मोफत आहे. बोलण्यापुरती जपानी हवीच. जपानी भाषेच्या परीक्षेतली एन-२ ही पातळी असेल तर फार दारं उघडतात.

आणि लायसन्स! गावाकडे बस क्वचितच येते, म्हणून जाहिरातीतच गाडी चालवता येण्याची अट असते. भारतातलं लायसन्स तिथे बदलून मिळतं, पण ते काढल्यावर भारतात किमान ३ महिने राहिल्याचा पुरावा लागतो. त्यामुळे निघायच्या आठवड्यात काढून उपयोग नाही, आत्ताच काढ.

व्हिसाचंही बघ बरं का: इंजिनिअरच्या व्हिसावर शेतमजुरी चालत नाही.