बोटात घालायचा वायरलेस माऊस करतोय, हालचाल मोजणाऱ्या एमपीयू-६०५० चिपच्या अ‍ॅक्सेलरोमीटरवरून कर्सर हलवला तर तो आपोआप पळत सुटतो, काय करू?

अ‍ॅक्सेलरोमीटर सोडा आणि कर्सर जायरोवर चालवा, तो त्याच चिपमध्ये आहे. अ‍ॅक्सेलरोमीटर देतो त्वरण, त्यातून अंतर काढायला दोनदा इंटिग्रेट करावं लागतं आणि बारीकशी चूकसुद्धा वेळेच्या वर्गाने फुगते, वर बोट जरा तिरकं झालं की गुरुत्वाकर्षण पण त्यात मिसळतं, म्हणून कर्सर पळतो. जायरो फिरण्याचा वेग देतो आणि माऊसला तेवढंच लागतं, म्हणजे "इतका डावीकडे, इतका खाली" एवढंच. सेकंदाला ±२५० अंशांच्या रेंजला जायरोच्या कच्च्या आकड्यातले १३१ काउंट म्हणजे सेकंदाला १ अंश, त्या कच्च्या आकड्याला एका ठरावीक आकड्याने भागून थेट एक्स-वायला पाठवायचं. मी ईएसपी३२ (ब्लूटूथ असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वर असंच केलंय, तो स्वतःच ब्लूटूथ माऊस म्हणून जोडला जातो (एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूलच्या नादी लागू नका, तो मुळात सीरियल पोर्ट आहे). बाकी दोन गोष्टी कराच:

- चालू करताना हात २-३ सेकंद स्थिर ठेवून जायरोची सरासरी काढा आणि ती वजा करत रहा, नाहीतर कर्सर हळूहळू सरकतच राहतो
- तर्जनीच्या कडेला अंगठ्याने दाबायचं बटण द्या, ते दाबलं असेल तरच कर्सर हलू द्या, नाहीतर चहाचा कप उचलला तरी स्क्रीनभर धिंगाणा

फक्त बॅटरीचं बघा, ब्लूटूथ चालू असताना ईएसपी३२ बरीच वीज खातो, अंगठीत मावेल एवढ्या सेलवर दिवसभर चालणार नाही. त्यासाठी एनआरएफ५२ ही कमी वीज खाणारी ब्लूटूथ चिप घ्या, किंवा मग बोर्ड आणि बॅटरी मनगटावर आणि बोटात फक्त सेन्सर.