‘नसाच संपल्या, आता कसलं डायलिसिस?’

डायलिसिस युनिटमध्ये माझ्याकडे येणारे पेशंट एका वाक्याने सगळ्यात जास्त खचतात: “कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घालायची नळी) घालायला जागा उरली नाही.”

अशाच एका काकू मुलासोबत आल्या. बरीच वर्षं डायलिसिस सुरू. दोन्ही हातांचे फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या वाटा, बंद पडलेले. गळ्यात एकामागून एक परमकॅथ (जास्त काळ ठेवायचे कॅथेटर) बसवून छातीतल्या मोठ्या शिरा आकसलेल्या. फुग्याने रुंद केल्या, तरी पुन्हा बंद झाल्या. चेहऱ्यावर सूज, खांद्यावर निळ्या शिरांचं जाळं, ब्लाऊजची बाही दंडात रुतलेली. पोटाचं डायलिसिस जुन्या ऑपरेशनांमुळे जमणार नव्हतं. डॉक्टरांनी आता कमरेतून नळी सुचवली होती.

मुलगा बिल भरायला गेला तशा काकू म्हणाल्या, “ताई, खरं सांगा. पाठीतून घालतायत म्हणजे माझं संपत आलंय ना?”

मी कागदावर शरीर काढलं. गळ्याच्या उजव्या बाजूने हृदयाकडे जाणारी वाट सरळ, म्हणून पहिली पसंती तिला. मग डावी बाजू. गळ्याच्या वाटा बंद झाल्या की साधारणपणे मांडी. त्याहीपुढे, पाठीकडून पोटातल्या मोठ्या शिरेत नळी नेता येते, क्वचित यकृतातूनही. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट मशीनवर पाहत करतात. डायलिसिस मात्र नेहमीसारखंच.

“मग मांडीतून का नाही? ते सोपं ना?” काकूंनी अगदी बरोबर प्रश्न विचारला. तो डॉक्टरांनाच विचारू या म्हणून, मुलगा परत आल्यावर, तिघं केबिनमध्ये गेलो. काकूंचं नाव प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत होतं. नव्या किडनीची शीर सहसा ओटीपोटातल्या ज्या शिरेला जोडतात, ती मांडीच्या कॅथेटरने खराब होऊ शकते. ती वाचवण्यासाठी कमर निवडली होती. ज्या निर्णयाने काकू हादरल्या, तो त्यांच्या पुढच्या आयुष्याचा विचार करूनच घेतलेला होता, आणि हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं! याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून तुम्हालाही सांगते: हीच जागा का, प्रत्यारोपणाला अडचण येईल का, हे दोन प्रश्न विचाराच.

ही नळीही कायमची नसते. ती सरकते, गुठळीने बंद पडते, जंतुसंसर्ग होतो. डायलिसिस सुरू असताना थंडी वाजली किंवा ताप आला, तर घरी जाईपर्यंत थांबू नका, लगेच सिस्टरला सांगा. ड्रेसिंग कोरडं ठेवा. कोणत्या शिरेत कधी काय घातलं, याची नोंद फाईलमध्ये हवी. नवा डॉक्टर आधी तेच विचारतो.

निघताना काकूंनी विचारलं, “परकराची नाडी नळीवर येईल का हो?” मी म्हटलं, नाडी बांधता ती जागा प्रोसिजरच्या आधीच डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दाखवली, आणि नळी त्वचेतून जिथे बाहेर येणार तिथली खूण नाडीपासून दूर, कुशीवर केली गेली.