इतवारीची बांगडी, प्रयोगशाळेची नळी

प्रश्न : मी घरी ऑक्सिजन-गॅसच्या टॉर्चवर काचेचे मणी करते. इतवारीच्या बाजारातून टिचलेल्या रंगीत बांगड्या आणते, त्यांचा मणी वळते आणि वर पारदर्शक काचेचा थर चढवते. थरासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फुटक्या नळ्या वापरल्या. मणी सुरेख होतो, पण सकाळपर्यंत वरच्या थराचे टवके उडालेले असतात. दोन्ही काचच, मग असं का होऊन राहिलं?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

ताई, इथल्याच एका कॉलेजच्या काचकाम विभागात माझी सगळी नोकरी बर्नरपुढे गेली. कामाला येणारा प्रत्येक नवा मुलगा हेच विचारायचा.

तुमच्या दोन्ही काचा निवताना सारख्या आकसत नाहीत. प्रयोगशाळेची नळी बहुतेक बोरोसिलिकेटची असते. तिचा प्रसरणांक ३३, म्हणजे तापमान एक अंशाने बदललं की लांबी कोटीत ३३ भाग बदलते. बांगडीची काच सोडा-चुन्याची. असल्या काचेचा आकडा ९०च्या आसपास असतो. आतली बांगडी आकसत जाते, वरचा थर तितका आकसू शकत नाही, आणि सगळी ओढाताण जोडावर येते. काच दाब पुष्कळ सोसते, ओढ फार थोडी.

आधी नळी ओळखा. मेडिकलमधून ग्लिसरीन आणा आणि पारदर्शक तुकडा पुसून त्यात बुडवा. बोरोसिलिकेट जवळपास दिसेनाशी होते, कारण तिचा आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, सारखाच, १.४७ आहे. साध्या काचेचा १.५२, त्यामुळे तिच्या कडा दिसत राहतात. इतक्यानेच तुमचा मोठा घोटाळा निस्तरेल.

पण दोन साध्या काचांचंही जमेलच असं नाही. त्यासाठी दोऱ्याची चाचणी करा. माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर. दोन्ही काचांची टोकं सारख्या जाडीची घ्या, एकाशेजारी एक चिकटवा आणि एकजीव न करता नीट तापू द्या. मग ज्योतीबाहेर काढून, पीळ न देता, वीतभराहून थोडा लांब दोरा सरळ ओढा आणि ताठ होईपर्यंत ताणून धरा. दोरा निवल्यावर मधून तोडा. सरळ राहिला तर काचा जवळच्या. वाकला तर कमानीच्या आतल्या बाजूची काच जास्त आकसणारी. प्रसरणांक १०४ आणि ९० असलेल्या काचांचा एक मिलिमीटर जाडीचा, ३० सेंटिमीटर लांब दोरा मधोमध साधारण सेंटिमीटरभर वाकतो. डोळ्यांना सहज दिसतं. बांगडी आणि बोरोसिलिकेट यांचा तर धनुष्यासारखा वळेल, नाहीतर हातातच तुटेल.

एक दोरा एकाच काचेचे दोन तुकडे जोडूनही ओढून बघा. तोही वाकला तर दोष काचेचा नाही, तापवण्याचा किंवा ओढण्याचा आहे.

थरासाठी पारदर्शक बांगडीच घ्या, पण तिचाही दोरा ओढून. बांगडीवरचा सोनेरी मुलामा आधी खरवडून काढा. त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका. आणि मणी करताना कूलर बंद ठेवा. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, तरी सांगतोच : कूलरचा झोत गरम मण्यावर आला की एकाच काचेचा मणीही तडकतो. मणी व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे कुंड्यांच्या मातीत घालतात त्या हलक्या खनिजाच्या भुशात, पुरून निववा, ते नर्सरीत मिळतं. भट्टी असेल तर उत्तमच. निववण्यातला तडा बहुधा मण्याला आरपार जातो, न जुळणाऱ्या काचांचा जोडाच्या कडेकडेने फिरतो.

प्रश्न : माझ्या मण्यांच्या काचेच्या कांड्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत, पण दोन्हींवर प्रसरणांक १०४ लिहिला आहे. तरी चाचणी हवी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

हवी. हा आकडा बहुतेक वेळा शून्य ते ३०० अंशांमधली सरासरी असतो. काच मात्र ५०० अंशांच्या आसपास घट्ट होते, आणि तिथे कोणता रंग किती आकसतो, किती लवकर ताठ होतो, हे त्या आकड्यात येत नाही.

इतका बारीक फरक दोऱ्यात दिसेलच असं नाही. एका कंपनीच्या पारदर्शक काचेच्या चपट्या गोळीवर दुसरीच्या रंगाचा ठिपका वितळवा आणि भट्टीत नीट निववा. कॉम्प्युटरच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा, डोळ्यांपुढे धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवा. काळा होतच नसेल तर गॉगल पोलराइज्ड नाही, दुकानदार काहीही म्हणो. आता गोळी मध्ये धरा आणि सावकाश फिरवा, कारण काही दिशांना ताण लपतो. ठिपक्याभोवती उजेडाचं कडं दिसलं तर तिथे ताण आहे. शेजारी त्याच पारदर्शक काचेचा ठिपका दिलेली दुसरी गोळी ठेवा. तिच्यातही उजेड दिसला तर आधी निववणं सुधारा.

कडं अगदी फिकट असेल तर तो रंग बारीक नक्षीला वापरून बघायला हरकत नाही. पूर्ण थर मात्र देऊ नका. कांड्यांचा नवा गठ्ठा आला की चाचणी पुन्हा करा, विशेषतः लाल आणि काळ्या रंगाची.