वाचकांचे प्रश्न : आठनंतरचं बेळगाव

प्रश्न : गेल्या जूनमध्ये आम्ही पुण्याहून बेळगावला हिंदवाडीत राहायला आलो. मुलगा 13 वर्षांचा, मुलगी 10 वर्षांची. एकाला खेळाचं वेड, दुसरीला नाटकाचं. सुट्टी लागल्यापासून दोघंही मोबाइल सोडत नाहीत. बाहेर न्यावं म्हटलं, तर आठ वाजता बाजार मिटतो. मग इथे करायचं काय?
— एक वाचक भगिनी, बेळगाव

उत्तर : ताई, बाजार मिटतो हे खरं. पण वैशाखातलं बेळगाव त्यानंतरच जागं होतं, आणि तेही गल्ल्यांच्या आत. हमरस्त्यावरून ते दिसायचं नाही. मी 31 वर्षं शाळेत पी. टी. शिकवली. माझी पोरं दिवसा मैदानावर नि रात्री गल्लीत सापडायची, म्हणून सांगतो.

मुलाला सकाळचं क्रिकेट व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मिळेल, त्याची काळजी नको. त्याला कुस्ती दाखवा. चैत्र-वैशाखात आमच्याकडे जत्रा तिथे कुस्त्या. येळ्ळूरला चांगळेश्वरीच्या यात्रेत मोठं मैदान भरतं, शहरात आनंदवाडीचा आखाडा आहे. चारलाच जाऊन पुढची जागा धरा. पोरासोरांच्या कुस्त्या आधी लागतात, नावाजलेल्या जोड्या दिवे लागल्यावर. मातीतल्या निकाली कुस्तीत गुण मोजत नाहीत, पाठ टेकली की संपलं. हलगीचा ठेका चढला की ओळखायचं, कुणीतरी पटात, म्हणजे समोरच्याच्या पायाशी, शिरलाय. घिस्सा डाव कुठला, ढाक कुठली हे शेजारी बसलेल्या आजोबांना विचारा, अगदी हातवारे करून सांगतील. लेकीलाही न्या. आता मुलींच्या कुस्त्याही लागतात.

त्याआधी एकदा वस्तादांना विचारून त्याला एखाद्या तालमीत घेऊन जा. पोरं खोऱ्यानं हौद, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, उकरत असतात. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं असतं. मूठभर माती हातात घेतली तर ती ओलसर, गार लागते आणि तिचा आंबूस वास घरी येईपर्यंत बोटांना राहतो. तो वास पडद्यावर कसा येणार?

आता लेकीचं. आखाड्यालाही आपण तालीमच म्हणतो आणि नाटकाच्या सरावालाही. वैशाखात या दोन्ही तालमी एकाच पोराच्या अंगावर पडतात. बेळगावची शिवजयंती परंपरेनं वैशाख शुद्ध द्वितीयेला असते, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत चित्ररथांची मिरवणूक निघते. ट्रॉलीवर गडाचा देखावा उभा करून गल्लीतलीच पोरं प्रसंग सादर करतात. त्याआधीचे पंधरा-वीस दिवस रात्री जेवणं उरकली की चौकात सराव चालतो. सकाळी जोर मारणारा पोरगा रात्री बाजीप्रभू होऊन दोन्ही हातांत दांडपट्टे फिरवतो. एकदा माझ्या एका विद्यार्थ्याची मिशी घामानं सुटली. त्याची आई पायरीवरून उठली, पदरानं त्याचा ओठ टिपला, मिशी दाबून बसवली आणि "म्हण आता" म्हणाली. पुढचं वाक्य त्यानं असं म्हटलं की समोरची बारकी पोरं गप्प झाली. नाटक म्हणजे काय, ते तुमच्या लेकीला असल्या चौकात कळेल.

मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. मुलांना घेऊन गर्दीत शिरू नका. रामदेव गल्ली किंवा खडेबाजारात ओळखीच्या कुणाचा कट्टा असेल तर नऊच्या आत जाऊन बसा. कानात घालायला कापूस ठेवा, आवाज फार असतो. वळवाचा भरवसा नाही, म्हणून छत्रीही हवी.

बंदिस्त नाटक हवं असेल तर कोनवाळ गल्लीत लोकमान्य रंगमंदिर आहे, म्हणजे पूर्वीचं रिट्झ. चित्रांसाठी टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात के. बी. कुलकर्णी कलादालन आहे, तुमच्या घरापासून जवळच. तिथे काय चाललंय ते स्थानिक वर्तमानपत्रात रोज बघत जा.

आणि लेकीला चित्ररथावर उभं राहायचं असेल, तर पुढच्या वर्षी गुढीपाडवा झाल्या झाल्या जवळच्या मंडळात जाऊन या. कामं तेव्हाच वाटली जातात. जिजाऊंच्या कामाला खूप जणी असतात. त्यापेक्षा मावळ्याचं काम मागायला सांगा, ते लगेच मिळेल आणि पट्टाही शिकवतील.